उरलेल्या टर्कीचं झटपट इटालियन सूप : सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शेजारच्या काकूंकडे नाताळला टर्की भाजतात. पक्षी चार-साडेचार किलोचा, जेवणारी माणसं सहा. त्यामुळे २६ डिसेंबरला सकाळी स्टीलच्या डब्यातून निम्मी टर्की आमच्या दारात येते. पहिल्या वर्षी मी तिचा रस्सा केला, तर घरातल्यांनी विचारलं, "कोंबडी जून होती का गं?" दुसऱ्या वर्षी सूप केलं आणि तेव्हापासून दरवर्षी तेच होतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेपर्यंत कुणी ना कुणी त्याबद्दल विचारत राहतं. एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा सगळं इथे लिहून ठेवते.

सोलापुरात टर्की मिळते तरी कुठे?

बाजारात कोंबडीसारखी रोज टांगलेली दिसणार नाही. काकूंची टर्की ओळखीच्या शेतकऱ्याकडून येते. त्याच्या गावठी कोंबड्यांत चार-सहा टर्की फिरत असतात, आणि त्याला महिनाभर आधी सांगून ठेवावं लागतं.

हा पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा. आपल्याकडे पोर्तुगिजांमुळे आला. ते त्याला 'पेरू' म्हणतात आणि हिंदीत त्याचंच 'पीरू' झालं. मराठीत पेरू म्हटलं तर लोक मीठ-तिखट शोधायला लागतील, म्हणून आपण टर्कीच म्हणू. १६१२ मध्ये मुकर्रब खानानं गोव्याहून जहांगीर बादशहाकडे जे अजब पशुपक्षी नेले, त्यात एक टर्की होती. बादशहानं उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्या टर्कीचं पुढे सूप झालं की नाही, ते चित्रात दिसत नाही.

टर्की नसेल तर चिकन चालेल का?

चालेल, आणि बहुतेक घरांत तेच होणार. अट एकच, चिकन भाजलेलं किंवा उकडलेलं हवं, रश्श्यातलं नको. टर्कीचं मांस कोंबडीपेक्षा घट्ट आणि धाग्याचं असतं, त्यामुळे गरम सूपात ते टिकतं. ब्रॉयलर लवकर विरघळतं, म्हणून ते अगदी शेवटी घाला.

ओरेगॅनो घातलं की इटालियन होतं ना?

नाही. पिझ्झ्याबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या आपण ड्रॉवरमध्ये जपून ठेवतो आणि कशावरही भुरभुरतो, त्यातून झालेला हा समज आहे. या सूपात एकही पुडी फोडली नाही तरी ते इटालियनच राहील.

इटालियनपण तीन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे सुरुवातीचं परतणं. कांदा, गाजर आणि सेलरी अगदी बारीक चिरून तेलात मंद आचेवर हळूहळू परततात. याला तिकडे 'सोफ्रीत्तो' म्हणतात. आपली फोडणी तडतडते, दोन मिनिटांत संपते. ही फोडणी मात्र कुजबुजते, दहा-बारा मिनिटं घेते आणि कांद्याला लाल होऊ देत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मसाल्यावर ठेवलेला लगाम. मीठ, मिरी, लसूण, एखादं तमालपत्र, बस्स. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते, ती म्हणजे उरलंसुरलं वाया न घालवणं. कालचा पाव, हाडं, चीजचं वाळलेलं टोक, भाजीची देठं, सगळं एका पातेल्यात जातं. तोस्काना भागात शिळ्या पावाचं एक सूप करतात, त्याचं नावच 'रिबोल्लीता', म्हणजे पुन्हा उकळलेलं. शिळ्या भाकरीचा कुस्करा करून वर फोडणी घालणाऱ्या माणसाला हे समजवावं लागत नाही.

कृती एकदा सलग सांगा ना.

सांगते. हे प्रमाण चार जणांचं आहे.

दोन मध्यम कांदे, दोन गाजरं आणि सेलरीच्या दोन दांड्या शेंगदाण्याएवढ्या बारीक चिरा. जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल तापवून हे तिन्ही घाला, चिमूटभर मीठ टाका आणि झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता. खाली लागायला लागलं तर चमचाभर पाणी शिंपडा. मग चार-पाच लसणीच्या पाकळ्या ठेचून घाला आणि मिनिटभर परता. चार पिकलेले लाल टोमॅटो किसून घाला (साल हातात राहते, ती टाकून द्या) आणि कडेला तेल दिसेपर्यंत शिजवा. सव्वा लिटर अळणी (हाडं उकळून काढलेलं पाणी, पुढे सांगते) आणि एक तमालपत्र घाला. शिजवलेला राजमा किंवा चवळी दीड वाटी घ्या, त्यातली निम्मी चमच्यानं ठेचून घाला, निम्मी तशीच. दहा मिनिटं उकळू द्या. मग चिरलेला पालक दोन मुठी आणि हातानं सोडवलेली टर्की दोन वाट्या, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम. आता खळखळून उकळी आणा आणि पुढे चार मिनिटं तशीच राहू द्या. गॅस बंद केल्यावर मिरपूड घाला. मीठ सगळ्यात शेवटी चाखून घाला, कारण भाजलेल्या टर्कीला आधीच मीठ असतं. वरून ऑलिव्ह तेल असेल तर एक चमचा.

अळणी आणि कडधान्य तयार असेल तर हे सगळं ३५ ते ४० मिनिटांत होतं. झटपट म्हणायचं ते यालाच.

अळणी म्हणजे स्टॉकच ना? हाडांचा कसा काढायचा?

हो. मटण शिजवताना मसाला घालायच्या आधी जे पाणी आपण लहान मुलांना वाटीत देतो, तेच. टर्कीच्या सांगाड्याचं अळणी या सूपाचा जीव आहे. मांस संपलं म्हणून सांगाडा टाकून देणाऱ्यांनी हे सूप करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

मांस सोडवून घ्या. सांगाडा हातानं मोडून पाच लिटरच्या कुकरात बसवा. एक कांदा सालासकट, गाजराची टोकं, सात-आठ मिरे आणि हाडं बुडतील एवढं पाणी घाला, पण कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. एक शिट्टी झाली की आच बारीक करून ४० मिनिटं ठेवा. हळद घालू नका. वाईट लागते म्हणून नव्हे, पण मग ते चवीला थेट आपल्या अळणीच्या वळणावर जातं. वाफ आपोआप जिरल्यावर गाळून घ्या.

हे अळणी फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलं की सकाळी खरवसासारखं थलथलतं. पुष्कळ जण घाबरतात. उलट तसं झालं तर आनंद माना. हाडांभोवतीच्या कूर्चेतलं कोलॅजन उष्णतेनं जिलेटिनमध्ये उतरलं, त्याची ती खूण आहे. गरम केलं की पुन्हा पातळ होतं आणि सूपाला अंग येतं. वर जमलेली चरबी चमच्यानं काढून घ्या आणि कांदा परतायला तीच वापरा.

हाडं नसतील तर साधं पाणी वापरा आणि टोमॅटो एक वाढवा. सूप क्यूब घालणार असाल तर मीठ शेवटपर्यंत हातात धरून ठेवा.

सेलरी मिळाली नाही.

लक्ष्मी मार्केटला थंडीत कधी दिसते, कधी नाही. मी कोथिंबिरीच्या जाड काड्या बारीक चिरून घालते. हिरवा वास येतो, कुरकुरीतपणा येत नाही. दारात ओव्याच्या जाड पानांचं झाड असेल तर त्याचं अर्धं पान चिरून टाका. त्या पानात आणि ओरेगॅनोत, दोन्हींत कार्व्हाक्रॉल हे सुगंधी द्रव्य असतं, म्हणून वास ओळखीचा वाटतो. अर्धंच पान मात्र. दोन पानं टाकलीत तर सूप सर्दीच्या काढ्यासारखं लागेल.

बेसिलऐवजी तुळस घालू का?

घालू नका. एक तर चव वेगळी. दोन्ही एकाच कुळातल्या असल्या तरी आपल्या तुळशीला लवंगेसारखा उग्र वास असतो आणि तो सूपावर स्वार होतो. दुसरं कारण आपल्या जिल्ह्यात सांगायलाच नको. पंढरपूर ७० किलोमीटरवर, अर्ध्या नातेवाइकांच्या गळ्यात माळ, आणि तुम्ही मांसाच्या पातेल्यात तुळस टाकणार? सब्ज्याचं झाड कुंडीत असेल तर त्याची पानं वापरा. फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलच्याच जातीचं बी. नाहीतर सरळ वगळा.

राजमा, चवळी की पावटा?

इटलीत या सूपाला पांढरा किंवा ठिपक्यांचा राजमा घालतात. आपल्याकडचा चित्रा राजमा त्याच्या जवळचा. आठ तास भिजवून, ते पाणी टाकून, कुकरला नीट मऊ करा. राजमा अर्धवट शिजलेला राहिला तर खरोखर उलट्या होतात. त्यात लेक्टिन नावाचं द्रव्य असतं आणि ते खळखळ उकळल्याशिवाय जात नाही. कुकरात शिजवला की चिंता नाही, मंद आचेवर तासन्तास नुसता कोमट ठेवणं धोक्याचं.

टोमॅटोत कच्चा राजमा टाकून 'होईल हळूहळू' असं म्हणू नका. आंबट पाण्यात कडधान्य मऊ व्हायला फार वेळ लागतो. बोअरच्या जड पाण्यातही तेच होतं. आमच्याकडे नळाचं भरून ठेवलेलं पाणी आधी डाळी-कडधान्याला जातं, मग बाकीच्या कामांना.

घाई असेल तर चवळी घ्या. भिजवली नसली तरी कुकरला लवकर होते. आणि ती नक्कलही नव्हे. राजमा अमेरिकेतून युरोपात जायच्या आधी इटलीतली माणसं चवळीच्याच जातीचं कडधान्य खात होती. पावट्याला स्वतःचा वास फार, मला तो इथे आवडत नाही.

पास्ता कोणता घालू? शेवया चालतील?

लहान आकाराचा कोणताही चालतो. छोटी मॅकरोनी सगळीकडे मिळते, चौघांना अर्धी वाटी पुरे. गव्हाच्या घरच्या शेवया बोटाच्या पेराएवढ्या मोडून घातल्या तर छान लागतात. इटलीतही सूपात बारीक शेवयांसारखा पास्ता घालतात.

पास्ता वेगळा उकडा आणि वाढताना वाटीत घालून वरून सूप ओता. एके वर्षी मी सगळी मॅकरोनी पातेल्यातच टाकली, चार वाट्या वाढल्या, उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी झाकण उघडलं तर सूप कुठेच नव्हतं. मॅकरोनीनं सगळं पिऊन टाकलं होतं आणि ती करंगळीएवढी फुगली होती. त्या दिवशी डब्यात 'इटालियन खिचडी' गेली.

ज्वारीच्या कण्या घरात असतील तर पास्त्याऐवजी त्या घालून पाहा. तिकडे गव्हाच्या जुन्या जाती किंवा बार्ली घालतात, त्या जागी कण्या चपखल बसतात. अर्धी वाटी कण्या धुऊन वेगळ्या उकडा, वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

कडक भाकरी चुरून घातली तर?

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईंना मी मनातल्या मनात नमस्कार केला होता.

घालाच. बाजरीची नको, ज्वारीचीच, सोलापुरी पातळ कडक भाकरी, पापडासारखी मोडणारी. वाटीच्या तळाशी मूठभर चुरा, वर कडकडीत सूप, दोन मिनिटं थांबा. तळाची भाकरी भिजून मऊ होते, वरची थोडी कुरकुरीत राहते. आमटीत आपण हेच करतो. इटलीतली गरीब घरं शिळ्या पावाचं जे करत आली, ते आपल्याकडे कडक भाकरीचं होतं. दोन्हीकडे भाजून वाळवलेलं, आठवडाभर टिकणारं धान्य, आणि ते मऊ करायला गरम पाणीदार काहीतरी. ज्वारीला किंचित गोडसर चव असते आणि ती टोमॅटोच्या आंबटपणाला सांभाळून घेते. खरं सांगायचं तर आमच्या घरी आता मॅकरोनी फक्त मुलांसाठी उकडतात.

यात तिखट काहीच नाही. घरचे खातील का?

पहिल्या वाटीला नाक मुरडतील. आमच्याकडे "आजारी माणसाचं जेवण केलंस का?" असं विचारून झालं आहे.

लाल तिखट पातेल्यात घालू नका. मग ते सूप राहत नाही आणि धड रस्साही होत नाही. त्यापेक्षा ताटात शेंगाचटणी ठेवा आणि ज्याला हवी त्यानं अर्धा चमचा वरून घ्यावी. हे ऐकून कुणी 'असं कुठे इटलीत असतं' म्हणालं तर त्याला जेनोव्हाची पद्धत सांगा. तिथे भाज्यांच्या सूपात वाढताना पेस्टो कालवतात. पेस्टो म्हणजे लसूण, चिलगोज्यासारख्या पाईनच्या बिया, बेसिल, चीज आणि तेल, खलात कुटलेलं. आपली शेंगाचटणी म्हणजे लसूण, शेंगदाणे, तिखट, जिरं, तेल सुटेपर्यंत उखळात कुटलेलं. भाऊबंदच.

आणखी गंमत सांगते. टर्की, टोमॅटो, राजमा, मिरची, शेंगदाणा हे सगळे अमेरिका खंडातले. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला नसता तर इटलीला हे सूप मिळालं नसतं आणि सोलापूरला चटणी. तेव्हा कुणाच्या वाटीत काय शोभतं, यावर फार ताणू नये.

टर्की वातड झाली आहे. काही उपाय?

छातीचं मांस भाजतानाच कोरडं पडतं आणि पुन्हा उकळलं की दोरखंड होतं. धाग्यांना आडवं, बारीक चिरा, आणि सूपात सगळ्यात शेवटी घाला. मांडीचं मांस असेल तर ते आधी घातलं तरी बिघडत नाही.

आमच्याकडे काळ्या मसाल्यातली उरली आहे.

मग त्याला तर्री देऊन भाकरीबरोबर खा. धुऊन सूपात टाकू नका. मसाला पूर्ण जात नाही, चव मात्र पूर्ण जाते.

उरलेली टर्की किती वेळ बाहेर चालते? आणि सूप किती दिवस टिकतं?

हा प्रश्न सोलापुरात जरा गांभीर्यानं घ्यायचा. शिजलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. डिसेंबरच्या रात्री दोन तास ठीक आहेत, पण एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला असतो तेव्हा ओट्यावर झाकून ठेवलेलं मांस म्हणजे जंतूंची पंगत. 'पुन्हा उकळून घेऊ, सगळं मरतं' हा समज चुकीचा आहे. जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही.

फ्रीज ४ अंशांवर किंवा त्याखाली असेल तर टर्की तीन ते चार दिवस राहते. सूपालाही तीन-चार दिवसच, पण टर्की दोन दिवस जुनी असताना सूप केलंत तर मोजणी नव्यानं सुरू होते असं धरू नका. गरम करताना दर वेळी खळखळून उकळी आणा, आतपर्यंत किमान ७४ अंश तापलं पाहिजे.

मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलू नका. मधलं सूप तासन्तास कोमट राहतं आणि शेजारचं दूधही तापतं. परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवा, ढवळा, मग उथळ डब्यांत भरून आत ठेवा.

लाईट गेली तर फ्रीजचं दार उघडू नका. बंद दार साधारण चार तास गारवा धरून ठेवतं. त्याहून जास्त वेळ गेला तर मांसाची माया सोडा.

फ्रीझरमध्ये?

पास्ता आणि पालक न घालता तीन महिने. डब्यात वर दोन बोटं जागा सोडा, गोठताना सूप फुगतं. नुसतं अळणी गोठवलं तर आणखी सोयीचं.

चीज घालायलाच हवं का?

नाही. घालायचं तर किसून वरून थोडं. पार्मेसानचं कडक साल कुणी आणून दिलं तर ते उकळताना सूपात टाका आणि वाढताना काढा, चव खोल होते. प्रक्रिया केलेलं चौकोनी चीज घालू नका, सूप चिकट होतं.

घरात माळकरी आहेत. त्यांच्यासाठी याच पद्धतीनं काही?

वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावानं. अळणीऐवजी राजम्याचं किंवा चवळीचं शिजवलेलं पाणी वापरा, त्याला चांगलं अंग असतं. टर्कीच्या जागी लाल भोपळ्याच्या फोडी आणि थोडी फरसबी. एकादशीला अर्थातच नाही, आणि कांदा-लसूण वर्ज्य असेल तर गाजर आणि कोथिंबिरीच्या काड्या जास्त वेळ परता. एक लक्षात ठेवा, अस्सल पार्मेसान वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) घालून करतात. म्हणजे ते शाकाहारी नव्हे. हिरवा ठिपका पाहून आपल्याकडचं चीज घ्या.

सांगाड्याची हाडं गल्लीतल्या कुत्र्यांना घालू का?

नको. शिजलेल्या पक्ष्याच्या हाडांच्या अणकुचीदार चिपा निघतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात. कुकरमधली हाडं बोटानं चुरली जाण्याइतकी मऊ झाली असली तर मी ती परसातल्या लिंबाच्या बुडाशी खोल पुरते. वर दगड ठेवावा लागतो, मांजरं उकरतात.

पाहुणे वाढले तर पाणी वाढवू का?

पाणी नको, टोमॅटो आणि चवळी वाढवा, आणि कडक भाकरीचा आणखी एक गठ्ठा काढा. काकूंचा डबा परत करताना मी त्यात सूप भरून देते. गेल्या वर्षी त्यांनी ते चाखलं आणि म्हणाल्या, "पुढच्या नाताळाला मोठी टर्की सांगते."